हातगुण आणि बादली

मराठीत एखाद्याच्या मागे लागायचं तर आधी हात धुवावे लागतात. न धुता नुसतंच मागे लागलं तर ते कुणी मनावर घेत नाही. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, व्याकरण हा माझा प्रांत नाही. पण या एका वाक्प्रचाराचा मला आलेला अनुभव इतका अस्सल आहे, की तो मी मराठीच्या कुठल्याही शिक्षकाला उदाहरण म्हणून फुकट द्यायला तयार आहे. ब्रह्मपुरीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी एका डॉक्टरच्या हात धुवून मागे लागले होते. त्यांनीही हात धुवावेत, एवढीच माझी मागणी होती.

झालं असं, की माझी आई धान कापून झालेल्या बांधीत लाखोळीची भाजी खुडायला गेली. आमच्या झाडीपट्टीत धान उभं असतानाच त्यात लाखोळी फेकतात आणि कापणीनंतर धसकटांच्या मधून तिची कोवळी भाजी वर येते. आई सत्तरी ओलांडलेली, साखरेची जुनी पेशंट, आणि पायात चप्पल नाही, कारण बांधीत चप्पल घालून जाणं तिला शेताचा अपमान वाटतो. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाला धसकट लागलं. तिने त्यावर हळद लावली आणि घरात कुणालाच सांगितलं नाही. भाऊ आणि वहिनीला कळलं तेव्हा पाय सुजून चप्पल घालण्याच्या पलीकडे गेला होता.

राजुऱ्याहून चंद्रपूर आणि चंद्रपूरहून ब्रह्मपुरी अशा एसट्या बदलत मी पोचले, तोवर ते बोट काढून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, जखम भरली तर पाय वाचला, सडणं वर सरकलं तर नागपूरला न्या, मग तिथे ते घोट्यापासून कापतात की गुडघ्यापासून ते त्यांचं ते पाहतील. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की जणू बसचा थांबा सांगत होते. मी खाटेवर बसलेल्या आईकडे पाहिलं. बसून राहणं हे माझ्या आईला कधीच जमलेलं नाही. पाय गेला असता तर उरलेली आई फार दिवस टिकली नसती, हे मला त्याच क्षणी कळलं.

याच दवाखान्यात का आणलं, असं मी भावाला विचारलं. त्याने आईकडे बोट दाखवलं. आईने दुसरीकडे यायला साफ नकार दिला होता.

"त्याइच्या हाताले गुण हाय," ती म्हणाली.

हातगुण ही फार सोयीची गोष्ट आहे. डिग्री भिंतीवर टांगावी लागते आणि टांगली की कुणीतरी वाचतं. हातगुण टांगता येत नाही, त्यामुळे तो तपासताही येत नाही. या डॉक्टरांचा हातगुण वैनगंगेच्या दोन्ही काठांवर प्रसिद्ध होता. आरमोरीकडून, कुरखेड्याकडून लोक काळीपिवळीत दाटीवाटीने बसून यायचे आणि आल्या आल्या एकच मागणी करायचे, की डॉक्टरसाहेबांनी हात लावावा. गोळी नाही दिली तरी चालेल, पण हात लागला पाहिजे. काही जण तर हात लागला की तिथूनच बरे व्हायला सुरुवात करायचे, फी देण्याआधीच.

आता त्या दवाखान्याबद्दल. नर्सिंग होम म्हणतात, पण त्यातलं होम तेवढं खरं होतं. वॉर्डात पेशंटांपेक्षा घरची माणसं जास्त, खाटांखाली भांडी, खिडकीच्या गजांवर लुगडी वाळत घातलेली. नर्सिंगचं म्हणाल तर वॉर्डातल्या सिस्टरला मी विचारलं, की नर्सिंग कुठं केलं. ती निरागसपणे म्हणाली, "इथीच करून राह्यली न मॅडम."

वॉर्डाच्या कोपऱ्यात एक बेसिन होतं. त्याच्यावर हात कसे धुवावेत याचं रंगीत पोस्टर होतं: तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, अंगठा वेगळा, नखं वेगळी, सगळी चित्रं मोठी सुबक. पोस्टरच्या खालच्या नळाला पाणी नव्हतं. नळाच्या तोंडाला पट्टीचं कापड बांधलेलं होतं, म्हणजे त्यालाही काहीतरी लागलं असावं. बेसिनमध्ये सलाईनचे रिकामे खोके रचले होते. एका खोक्यावर वेष्टण न काढलेली साबणाची वडी होती. तिला हात लावू नका, तपासणीला कुणी आलं तर लागते, असं मला सांगण्यात आलं.

दाराशी पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड होता, करोनाच्या काळात कुठल्याशा मंडळाने दिलेला. त्याच्यावर देणाऱ्यांची नावं एवढ्या मोठ्या अक्षरांत होती, की बाटलीला जागा उरली नव्हती. बाटली तशीही नव्हतीच. लोक त्याच्यावर पिशव्या अडकवायचे. एक म्हातारे गृहस्थ मात्र आत येताना नेमाने त्याचा पेडल दाबायचे, वर हात धरायचे आणि न आलेलं औषध दोन्ही हातांना चोळून मगच आत यायचे. साऱ्या वॉर्डात स्वच्छतेचे नियम पाळणारा तेवढा एकच माणूस मला दिसला.

गच्चीवर मी आईचं लुगडं वाळत घालायला गेले. तिथे दोरीवर रबरी हातमोजे ओळीने वाळत होते. ऑपरेशनला वापरलेले, धुतलेले, आणि वाळले की पावडर लावून पुन्हा वापरायचे. वाऱ्यात ते रस्त्यावरच्या माणसांना टाटा करत होते. मी त्यांना टाटा केला नाही.

आणि मग राउंड. डॉक्टर पुढे, त्यांच्या मागे सिस्टर, सिस्टरच्या हातात स्टीलची वाटी. वाटीत गुलाबीसर औषधाचं पाणी. डॉक्टर पहिल्या खाटेवरच्या फोडाला हात लावायचे, वाटीत बोटांची टोकं बुडवायचे, सिस्टरच्या खांद्यावरच्या नॅपकिनला पुसायचे आणि दुसऱ्या खाटेकडे वळायचे. तिथले टाके दाबून पाहायचे, पुन्हा वाटी, पुन्हा नॅपकिन. वाटी तीच, पाणी तेच, नॅपकिन तर बहुधा दवाखान्याच्या उद्घाटनापासूनचा. आईची खाट शेवटून दुसरी होती. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर वाटीतलं गुलाबी पाणी गढूळ झालेलं असायचं. त्यात साऱ्या वॉर्डाचा थोडा थोडा वाटा असे. आमच्या शेजारच्या बाईने तर एकदा त्यात बोट बुडवून आपल्या नवऱ्याच्या कपाळाला लावलं. मी तिला हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "असू द्या जी, डाक्टरचं हाय."

हिचा म्हातारा नवरा आईच्या अलीकडच्या खाटेवर पालथा पडून असायचा. त्याच्या पाठीवर मोठं गळू फुटलं होतं आणि पट्टीला हिरवट पाणी येत होतं. त्याला गोडसर, कुजका वास होता. डॉक्टर त्याची पट्टी सोडवायचे, जखम दाबून पू काढायचे, मग वाटी, मग नॅपकिन, मग माझी आई.

भेटायला येणाऱ्यांची आणखी एक तऱ्हा. आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला एकटं कुणी जात नाही. काळीपिवळी भरेल एवढी माणसं गोळा झाल्याशिवाय गावात कुणाला आईची आठवणच यायची नाही. आलेला प्रत्येक जण खाटेवर बसणार, पाय चेपणार, पट्टीची कड उचलून आत डोकावणार आणि डोकावून झाल्यावर "बरंच हाय" असं सांगणार. सुना-नाती तर आल्या आल्या पाया पडायच्या. पाया पडायचं म्हणजे पायाला हात लावायचा, आणि वाकायला सोयीचा म्हणून नेमका पट्टीचाच पाय खाटेच्या कडेला असायचा. एसटीचा दांडा, काळीपिवळीचं दार, वाटेत खाल्लेली भजी, हे सगळं आशीर्वादाच्या बदल्यात आईच्या जखमेवर जमा होत होतं. शेवटी मी फर्मान काढलं, की कुणी पाया पडायचं नाही, दारातूनच जयभीम घालायचा. दोन्ही हात आपलेच आपल्याला जोडायचे, दुसऱ्याला लावायचे नाहीत, याच्याइतकं निर्धोक अभिवादन जगात नसेल. वहिनीला ते लागलं. "आता आमच्या हाताचा बी इटाळ होते का तुमाले?" असं ती पुटपुटली. पण तेवढ्यापुरतं माझं चाललं.

डॉक्टरांपुढे मात्र चाललं नाही. एका सकाळी आईची पट्टी सुटली आणि तो वास आला. आधी वाटलं शेजारून येतोय. मग पट्टीवरचा रंग दिसला. पाठीवरच्या गळवाचा तो हिरवट रंग माझ्या आईच्या पायाला आला होता. आईला तापही होता. डॉक्टरांनी पाहिलं, मान हलवली, म्हणाले, "साखर हाय न, मॅडम. साखरेत असंच होते." आणि सडणं वर चढलं तर नागपूर, हे पुन्हा सांगितलं.

मी म्हणाले, "डॉक्टर, साखर आईची आहे. हिरवा रंग शेजारच्यांचा आहे. तो तिथून इथे चालत आला नाही, कुणीतरी आणला. तुम्ही आईला हात लावण्याआधी साबणाने हात धुवाल का?"

सिस्टरने वाटी छातीशी धरली. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते हसले. "मॅडम, तुमच्या शाळेतली पोरं जन्मली नव्हती तवापासून मी पट्ट्या करून राह्यलो. लोकं माह्या हाताच्या भरवशावर येतात."

"भरवसा तसाच ठेवा," मी म्हटलं. "फक्त हात धुवा."

यावर डॉक्टर काही बोलायच्या आत वॉर्डच बोलला. गळवाच्या म्हाताऱ्याची बायको उठून उभी राहिली. "वो बाई, हातावर पानी पडलं का गुण उतरते. मंग आमी येवढ्या दुरून आलो ते कायले?" खिडकीजवळच्या पेशंटने पडल्या पडल्या तिला दुजोरा दिला. पण सगळ्यांत जास्त आई रागावली. माझ्याकडे न पाहता ती डॉक्टरांना म्हणाली, "तुमी मनाले लावून घेऊ नोका जी. हे पोरगी शिकून शिकून वाया गेली."

साथीचे रोग शिकवताना मी वर्गात फळ्यावर बाण काढायची, रोग इकडून तिकडे कसा जातो ते दाखवायला. इथे तो बाण माझ्या डोळ्यांदेखत चालत होता, त्याला पांढरा कोट होता, आणि आख्खा वॉर्ड त्या बाणाच्या बाजूने होता. मी कपाळाला हात लावला. तोही धुतलेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हातमोजे घालून आले. मला दाखवायलाच आले होते. आईच्या खाटेपाशी येऊन त्यांनी मनगटाजवळचं रबर ताणून सोडलं, तसा टप् आवाज झाला. ते मोजे मी गच्चीवर पाहिले होते, पण तरी म्हटलं, चला, निदान धुतलेले तर आहेत. डॉक्टर पायाकडे वाकले आणि आईने पाय आखडून घेतला. दुखत असूनही घेतला.

"हे रबर काऊन घातलं जी?" ती म्हणाली. "माह्यानं तुमी बाटता काय?"

डॉक्टर पाढा विसरलेल्या पोरासारखे उभे राहिले. मग "नाई नाई, माय, तसं नाई," म्हणत त्यांनी घाईघाईने मोजे काढले, उघड्या हाताने पट्टी सोडवली आणि जाताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पाहा, तुमचीच आई ऐकत नाही, मी काय करू.

मला तिचा राग आला आणि लगेच रडूही आलं, कारण ती काय म्हणत होती ते त्या वॉर्डात मला नीट कळत होतं. आईच्या लहानपणी गावात औषध द्यायला एक वैद्य यायचा. आमच्या वस्तीत तो शिरायचा नाही. पुड्या लांबून टाकायचा आणि नाडी बघायचीच झाली तर मनगटावर फडकं टाकून, फडक्यावरून बघायचा. पुढे दीक्षा झाली, देव गेले, नावं बदलली, आम्ही शिकलो, मी मास्तरीण झाले. पण तिच्या मनगटावरचं ते फडकं तिच्या लक्षात राहिलं. हे डॉक्टर तरुणपणी नवा दवाखाना टाकून बसले, तेव्हा आई तापाने फणफणत त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी काही न विचारता तिचं मनगट हातात घेतलं, उघड्या हाताने, आणि बराच वेळ घेऊन बसले. तिथेच त्यांचा हातगुण सिद्ध झाला. ताप नंतर कशाने उतरला याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आणि हे डॉक्टर म्हणजे कोण, तर ज्या जमीनदार मालगुजाराच्या बांध्यांत माझी आजी धानाचं रोवणं लावायला जायची, त्या मालगुजाराचे नातू.

म्हणजे रबर बाद. सॅनिटायझरही बाद, कारण आम्हाला शिवून झाल्यावर हात चोळणाऱ्यांबद्दल आईचं मत काय होतं ते मी सांगायला नको. पोस्टर होतं, पण पोस्टरने कुणाचे हात धुतले जात नाहीत. आणि मला तर आईचा पाय हवा होता. डॉक्टरांचा उघडा हातच लागायचा असेल तर तो धुतलेला लागला पाहिजे, आणि धुणं हा कुणाचाच अपमान वाटता कामा नये. मी दिवसभर याच विचारात होते. संध्याकाळी आईला भाकर भरवता भरवता मी विचारलं, "आई, डॉक्टर आपल्या घरी आले असते तर तू काय केलं असतं?"

"चहा केला असता," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"त्याच्या आधी?"

"आधी हातपाय धुवाले पानी देल्लं असतं. पाव्हण्याले पानी देत नसते का कोनी?"

"मग ही खाट म्हणजे सध्या आपलं घरच आहे. आणि ते रोज येतात."

आईने तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, "येवढे दिवस बिनपान्याचेच आले गेले ते."

त्याच संध्याकाळी मी बाजारातून एक हिरवी बादली, मग आणि साबण आणला. बादली अंगणातल्या बोअरिंगवर भरून आणली आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवली. सकाळी राउंड आला. गळवाच्या म्हाताऱ्याला दाबून झालं, वाटी झाली, नॅपकिन झाला, डॉक्टर आमच्याकडे वळले.

"थांबा जी डाक्टर," आई म्हणाली. "पाव्हणे हा तुमी. हातावर पानी घ्या आधी."

मी मगभर पाणी घेऊन उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वॉर्डाकडे पाहिलं. त्या वॉर्डात माणसाचा आजार कळण्याआधी त्याचं आडनाव कळायचं आणि आडनावावरून बाकीचं सगळं. मालगुजाराच्या नातवाने आमच्या हातचं पाणी नाकारलं, ही बातमी दुपारच्या आत आठवडी बाजारात पोचली असती आणि संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे. त्यांच्या लाखमोलाच्या हातगुणाचं मग काय झालं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच दिसत होतं. मी हे आधी योजलं होतं का? योजलं होतं. उतार कुठे आहे आणि पाणी कुठे वाहणार, एवढं भूगोलाच्या शिक्षिकेला कळायलाच हवं.

त्यांनी हात पुढे केले. मी पाणी घातलं. साबण दिला. ते दोन वेळा चोळून हात मागे घेणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बोटांच्या मधलं राहिलं, डॉक्टर. तुमच्या पोस्टरवर आहे ते." त्यांनी बोटांच्या मधलं धुतलं. "अंगठा." अंगठा धुतला. सिस्टरने नॅपकिन पुढे केला, तो मी अडवला आणि उकळून वाळवलेलं फडकं दिलं. त्या दिवशी आईच्या पायाला स्वच्छ हात लागला.

मग रोज तेच. दोनतीन दिवसांत ताप उतरला. हिरवट रंग फिका होत होत गेला आणि जखमेच्या कडांना लाल, ओलसर मांस दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, औषध बदललं ते लागू पडलं. पडलंही असेल, मी कशाला नाही म्हणू?

पण वॉर्डाचं मत वेगळं होतं. गळवाच्या म्हाताऱ्याच्या बायकोने आईचा पाय निरखून पाहिला आणि रातोरात आपला सिद्धांत उलटा केला. "पानी लागलं का गुण जागते," असं तिने जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेपाशी आमच्यापेक्षा मोठी बादली होती. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळच्यांची आली, तिच्यात कडुलिंबाचा पाला. एकाने हळद टाकली. एकाने तांब्याचा गुंड, म्हणजे हंडाच, आणला, कारण प्लास्टिकमधून गुण नीट उतरत नाही. राउंडला डॉक्टरांची फार दमछाक व्हायला लागली. प्रत्येक खाटेवर पाहुणचार, प्रत्येक खाटेवर कुणीतरी मग घेऊन उभं, आणि प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्यापेक्षा जास्त वेळ धुऊन घेणार. वॉर्डाची फरशी सदा ओली. डॉक्टरांच्या हातांना सुरकुत्या पडल्या. वाटी कुठे गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्याने यातून धडा घेतला, तोही दवाखान्याच्या पद्धतीने. फी कुठे भरायची, चपला कुठे काढायच्या, त्या पाट्यांच्या शेजारी एक नवी पाटी लागली: "डॉक्टरांच्या हातांसाठी बादली, मग व साबण नातेवाइकांनी सोबत आणावे. दवाखाना जबाबदार राहणार नाही." कोपऱ्यातल्या बेसिनलाही अखेर काम मिळालं. घरी जाणारे पेशंट बादल्या विसरून जायचे, त्या एकात एक घालून बेसिनमध्ये ठेवल्या जायच्या. नळाची पट्टी कुणी सोडली नाही. साबणाची ती वडी वेष्टणासकट तपासणीची वाट पाहत होती.

आईचा पाय वाचला. एक बोट गेलं, बाकी पाय तिचा तिच्याजवळ राहिला. घरी जायच्या दिवशी शेवटची पट्टी होती. भाऊ काळीपिवळी ठरवायला गेला होता. मी सवयीने मग भरला, तर आईने हात पुढे केला. "दे इकडे. आज मी देतो पानी."

ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसली. डॉक्टर आले आणि न सांगता त्यांनी हात पुढे केले, बादलीच्या वर. आईने मग उंच धरला, खांद्याच्याही वर, आणि तिथून पाण्याची बारीक धार सोडली. पाणी वरून पडत होतं. मगाचा काठ त्यांच्या बोटांपासून हातभर लांब होता.

"माय, खाली धरा न," डॉक्टर म्हणाले. "उडून राह्यलं."

"नाई जी, असंच देत असतात," आई म्हणाली. "मी लहान होतो. रोवण्याच्या टायमाले तुमच्या अंगणात माह्या मायले तहान लागे. तुमची आजी ओट्यावरून पानी टाके, असंच वरून, माह्या मायच्या ओंजळीत. मंग आमी जिथं उभं राहो, ते जागा बी धुवून काढे."

हे ती रागाने म्हणाली नाही. गावाकडचं काहीतरी आठवलं म्हणून सांगावं तसंच तिने सांगितलं. वॉर्डात इतर बादल्या खडखडत होत्या. डॉक्टरांची मान खाली गेली. ते हात चोळत राहिले, तळव्यावर तळवा, बोटांच्या मधे, अंगठा, नखं, पोस्टरवर सांगितलंय त्याहून कितीतरी जास्त वेळ, आणि आई वरून धार सोडत राहिली. मगातलं पाणी संपलं, तसा मी तो भरून दिला. या वेळी तिने तो खाली आणला, अगदी त्यांच्या हातांपाशी. काठ त्यांच्या मनगटाला टेकला, तरी तिने तो तसाच टेकू दिला आणि उरलेलं पाणी सावकाश ओतलं.

मग तिने पाय वर उचलला आणि मी जन्मात पहिल्यांदा तिला मालगुजाराच्या घरच्या माणसाला अरेतुरे करताना ऐकलं.

"आता लाव हात," ती म्हणाली.